पहारेकऱ्याची वही

यंत्रावर लक्ष ठेवण्यासाठी मी आयुष्यात जी पहिली स्क्रिप्ट लिहिली, ती जेमतेम वीस ओळींची होती आणि तिचा मला अवास्तव अभिमान होता. साल 2006. सातारा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एका जुन्या वाचनालयात नियतकालिकांचे अंक स्कॅन करण्याचे आणि त्यांची सूची करण्याचे काम आम्ही हौसेने आरंभले होते. कुणीतरी देणगी दिलेला एक संगणक, त्यात 40 जीबीची डिस्क, त्यावर लिनक्स. सूची टंकलिखित करीत माझे प्राथमिक शाळेतले गुरुजी. सत्तरी ओलांडल्यावर ते दोन बोटांनी युनिकोड मराठी लिहायला शिकले होते. मी नोकरीनिमित्त पुण्यात. महिन्या-दोन महिन्यांनी एखादी चक्कर. माझ्या गैरहजेरीत यंत्राची प्रकृती कुणी पाहायची, म्हणून ती स्क्रिप्ट.

क्रॉन नावाचा कार्यक्रम दर मिनिटाला तिला उठवी. ती प्रोसेसरवरचा भार, वापरलेली मेमरी आणि डिस्कवरची शिल्लक जागा पाही, शिवाय ‘टॉप’ या आज्ञेने मिळणारी सगळी यादी एका फाइलीत उतरवून ठेवी. एखाद्या वाड्याच्या पहारेकऱ्याने दर घटकेला वहीत नोंद करावी, तसे. गावी गेलो की ती वही मी मोठ्या चवीने वाचत असे.

वाचत असे, पण समजत होते असे म्हणवत नाही. मोकळी मेमरी सदैव नगण्य दिसे, म्हणून मी धास्तावलो होतो. पुढे कळले, की लिनक्स रिकामी मेमरी रिकामी ठेवतच नाही. नुकत्याच वाचलेल्या फाइली तिथे साठवते आणि गरज पडताच ती जागा सोडून देते. (खरोखर किती मेमरी हाती येऊ शकेल याचा अंदाज देणारी वेगळी ओळ कर्नेलमध्ये आली ती 2014 साली; तोवर माझ्यासारखे अनेक जण उगाच घाबरले असतील.) भाराच्या आकड्याचेही तेच. बाहेरच्या डिस्कवर चित्रे उतरवताना तो सहाच्या वर जाई आणि प्रोसेसर मात्र स्वस्थ बसलेला. लिनक्सच्या या आकड्यात प्रोसेसरची वाट पाहणारी कामे असतात तशीच डिस्कपाशी ताटकळणारीही असतात, हे मला ठाऊक नव्हते.

असो. या अज्ञानाने कुणाचे नुकसान झाले नाही. डिस्कच्या आकड्याने केले.

2007 च्या दिवाळीत मी गेलो तेव्हा वहीत 85 टक्के लिहिलेले होते. गुरुजींनी त्याच सुमारास एका घरातून एका मासिकाचे तीन बांधीव खंड महिना-दोन महिन्यांच्या बोलीवर आणले होते. मी आकडा पाहून अधिकारवाणीने सांगितले, ‘‘हे स्कॅन करू नका गुरुजी, जागा पुरायची नाही. नुसती सूची करून ठेवा. मार्चमध्ये नवी डिस्क घेऊ.’’ गुरुजी म्हणाले, ‘‘तू म्हणतोस तर तसं.’’ जागा कशाने भरते आहे, हे पाहावे असे मला सुचलेही नाही.

जानेवारीत त्यांचा फोन आला. सूची उघडत नव्हती; म्हणजे उघडत होती, पण आत काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी एसटीने गेलो. डिस्क शंभर टक्के भरलेली. गुरुजींनी नेहमीप्रमाणे जतन करण्याची आज्ञा दिली होती. त्यांच्या साध्या संपादकाने आधी जुनी फाइल रिकामी केली आणि मग नवा मजकूर लिहायला घेतला, तर जागा नाही. शून्य बाइटांची फाइल तेवढी उरली. काहीतरी चुकले असे वाटून त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. तिथे उरलीसुरली आशाही संपली. सीडीवरची शेवटची प्रत दिवाळीतली, माझ्याच हातची.

मग जागा कुणी खाल्ली ते शोधू लागलो. ‘डीयू’ने एकेक फोल्डर मोजत गेलो आणि माझ्याच वहीपाशी थांबलो. दर मिनिटाला पंधराएक केबी. भारनियमनामुळे यंत्र दिवसाला नऊ तासच चाले, तरी रोजचे आठ एमबी. सव्वा वर्षात जवळजवळ चार जीबी. त्या तीन खंडांची दोन हजारांच्या आतली पाने, एमबीला एक या हिशेबाने, त्यात ऐसपैस मावली असती.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी समजली. डिस्कचा सुमारे पाच टक्के भाग ही व्यवस्था रूटसाठी, म्हणजे यंत्राच्या मालकासाठी, राखून ठेवते. माझी स्क्रिप्ट रूटच्या नावाने चालत होती. त्यामुळे गुरुजींना एक अक्षर लिहायला जागा नसताना ती राखीव भागात आपल्या नोंदी निर्धास्त करीत होती. नव्वद टक्के ओलांडल्यावर इशारा द्यायचे काम तिने इमानेइतबारे केलेही होते. क्रॉनने तो इशारा टपालाने पाठवला होता, रूटच्या पेटीत, त्याच यंत्रावर, त्याच डिस्कवर. हजारो पत्रे. ती पेटी कधी कुणी उघडली नव्हती.

खंड तोवर परत गेले होते. गुरुजी त्या घरी पुन्हा गेले, तर संक्रांतीआधीच्या आवराआवरीत ते रद्दीत गेल्याचे कळले. रद्दीवाल्याकडेही ते जाऊन आले. हे त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितले आणि सांगताना यंत्राचा विषय काढला नाही.

स्क्रिप्ट मी बदलली. नोंदी आठवडाभराच्याच राहतात, जुन्या आपोआप पुसल्या जातात. इशारा यंत्राबाहेर, माझ्या फोनवर येतो. आणि दिवसातून एकदा सगळ्यांत मोठ्या दहा फाइलींची नावे येतात. त्यात पहिल्यांदा मी माझीच शोधतो. गुरुजी त्यानंतर आधी शंभर पानी वहीत शाईने लिहीत आणि मग संगणकावर चढवीत. अशा अकरा वह्या वाचनालयाच्या कपाटात आहेत. त्या तीन खंडांसाठी त्यांनी पहिल्या वहीत चार पाने सोडली होती. आठवतील तेवढी शीर्षके त्यांवर लिहिली आहेत, सतरा. बाकीची पाने कोरी आहेत.