करड्या ढगांपर्यंत

फ्रान्झ लिस्टने पियानोसाठीचे तेच बारा अभ्यास आयुष्यात तीनदा लिहिले. १८२६ साली तो पंधरा वर्षांचा होता. हुशार शिष्याने गुरूपुढे ठेवावी तशी ती पहिली वही आहे: नेटकी, बोटांना वळण लावणारी, व्हिएन्नातल्या कार्ल चेर्नीच्या शिकवणीची छाप पानापानावर असलेली. १८३९ साली हेच अभ्यास पुन्हा छापून आले तेव्हा ते ओळखू येईनात. चौथ्या अभ्यासात लहानपणी लिहिलेली जोडस्वरांची धाव आता मधल्या सप्तकात दाबून बसवली होती, आणि तिच्याभोवती भारदस्त स्वरसमूहांतून एक नवीच धून दौडत होती. ही आवृत्ती वाजवू शकतील असे जगात फार तर दहा-बारा जण निघतील, असे संगीतकार रॉबर्ट शूमनने लिहिले. १८५२ साली तिसरी आवृत्ती आली. या वेळी लिस्टने स्वर गाळले, नाहक ताणलेले हात मोकळे केले. चौथा अभ्यास व्हिक्टर ह्यूगोच्या कवितेवरून ‘माझेप्पा’ या नावाने या संग्रहात आला, आणि संग्रह अर्पण झाला चेर्नीला. आधी भर आणि मग छाटणी, ही लिस्टच्या साऱ्या आयुष्याची चाल या तीन वह्यांत वाचता येते.

भर पडण्याला कारणे होती. १८११ साली हंगेरीतल्या रायडिंग या खेड्यात जन्मलेला, एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीतल्या कारभाऱ्याचा हा मुलगा पॅरिसमध्ये वाढला. १८३२ साली त्याने तिथे पागानिनीचे व्हायोलिन ऐकले आणि वाद्याच्या मर्यादांबद्दलची त्याची समजूतच पालटली. पियानोही तेव्हा बदलत होता. पियानो बनवणाऱ्या एरारच्या नव्या रचनेत पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येऊ लागला होता. पुढे १८३९ ते १८४७ या काळात लिस्ट युरोपभर वाजवत फिरला. एकट्या कलावंताच्या मैफलीला ‘रिसायटल’ हे नाव १८४० साली लंडनमध्ये त्याच्याच कार्यक्रमासाठी वापरले गेले. या वर्षांतल्या ऑपेरांवरच्या फँटसिया ऐकताना समोरचे भरलेले सभागृह जाणवते. टाळी कुठे पडणार हे लिस्टला अचूक ठाऊक होते, आणि तेवढ्यापुरत्या या रचना उथळ होतात, हे मान्य करायला हवे.

सप्टेंबर १८४७ मध्ये, आज युक्रेनमध्ये असलेल्या येलिसावेतग्राद गावी, त्याने मानधन घेऊन शेवटचे वादन केले. वय होते पस्तीस. कीर्ती शिगेला असताना तो उठला आणि वायमारच्या दरबारात वाद्यवृंदाचे काम पाहू लागला. चित्र, कविता किंवा नाटकाच्या आशयाभोवती उभी राहणारी एकसलग वाद्यवृंदरचना, म्हणजे ‘सिंफनिक पोएम’, ही त्याने इथे रुजवली आणि अशा बारा रचना केल्या. त्या सगळ्याच टिकाऊ नाहीत.

टिकली ती १८५३ साली पूर्ण झालेली बी मायनर सोनाटा. अर्ध्या तासाची ही रचना कुठेही न थांबता चालते, आणि तिचा जवळजवळ सारा ऐवज पहिल्या पानावरच्या दोन-तीन आकृतींतून येतो. हातोड्याचे घाव पडावेत तशी सुरुवातीला खालच्या सप्तकात येणारी आकृती पुढे संथ होते, वर सरकते आणि तिचेच भावगीत होते. स्वर तेच असतात, चेहरा वेगळा. ख्यालात एकच मुखडा लयीच्या नि भावाच्या बदलाने नवा होत जातो, त्याची सवय असलेल्या कानाला ही सोनाटा परकी वाटू नये. तिच्या हस्तलिखितात आणखी एक गोष्ट दिसते. लिस्टने आधी दणदणीत शेवट लिहिला होता. तो खोडून त्याने तिथे हळुवार, विरत जाणारा शेवट लिहिला. सभागृह जिंकण्याची विद्या ज्याच्या हाडात मुरली होती, त्याने हमखास टाळीची जागा स्वतःच्या हाताने खोडली.

पुढची वर्षे जड गेली. १८५९ साली मुलगा डॅनिएल गेला, १८६२ साली थोरली मुलगी ब्लांदीन. अनेक वर्षांची सहचरी प्रिन्सेस कॅरोलीन हिच्याशी रोममध्ये ठरलेला विवाह १८६१ साली ऐन वेळी फिसकटला. १८६५ साली लिस्टने चर्चची प्राथमिक दीक्षा घेतली. या बदलाची खूण संगीतातही दिसते. तरुणपणी स्वित्झर्लंडमधल्या झऱ्यावर त्याने एक रचना केली होती, तिच्यातले पाणी खेळकर आहे. १८७७ साली तिवोलीच्या व्हिला देस्तेतल्या कारंज्यांवर लिहिलेल्या रचनेत पाणी अजून चमकते, पण मध्येच त्याने स्वरलिपीवर योहानाच्या शुभवर्तमानातले जीवनदायी पाण्याचे वचन लिहिले. या कारंज्यांतून रावेल आणि देब्यूसीच्या पाण्याकडे वाट जाते.

शेवटच्या पाच-सहा वर्षांत मात्र पाणीही आटले. १८८१ सालचे ‘करडे ढग’ दोन पानांचे आहेत. खर्जात थरथरणारा स्वर अर्ध्या पायरीने खाली सरकतो, वर एकटी धून चाचपडत राहते, आणि रचना मूळ स्वरावर न परतता अधांतरी थांबते. १८८२ च्या डिसेंबरात व्हेनिसमध्ये जावई रिचर्ड वाग्नरच्या घरी असताना त्याने काळ्या गोंडोलावर शोकरचना लिहिली. दोन महिन्यांनी वाग्नर त्याच घरात वारला. लिस्टच्या या उत्तरकाळच्या रचना वाग्नरला वेडाची सुरुवात वाटत होत्या, तशी नोंद लिस्टची मुलगी आणि वाग्नरची पत्नी कोसिमा हिच्या रोजनिशीत आहे. १८८५ सालच्या एका छोट्या रचनेच्या नावातच लिस्टने सांगून टाकले की हिला आधारस्वर नाही. जन्मभर षड्ज धरून चालणाऱ्याने तो आपणहून सोडावा, असे हे धाडस.

हे संगीत कोणी मागितले नव्हते. लिस्टचे शिष्य जुन्या झळाळणाऱ्या रचनाच वाजवत राहिले. लिस्ट ३१ जुलै १८८६ रोजी बायरॉइटमध्ये वारला. ‘करडे ढग’ छापले गेले १९२७ साली.