ओळखीची मर्यादा

सिव्हिल लाइन्स, जयपूर
आषाढ वद्य दशमी

चि. बाळ यास,

येत्या नागपंचमीस शाळेतील मुलांना विषारी व बिनविषारी साप ओळखावयास शिकवावे, या हेतूने तू खुणांचा तपशील मागितला आहेस. तो देतो, परंतु त्या खुणांवर कोठे विसंबावे आणि कोठे विसंबू नये, हे मुलांच्या मनावर त्याहून खोल ठसले पाहिजे.

विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या ही जोडी प्रथम घे. कारण दोघेही निशाचर, दोघेही घरात शिरणारे, आणि दोघांच्याही अंगावर फिकट आडवे पट्टे असतात. मण्यारीचे पट्टे बहुधा जोडीने येतात, मानेकडे पुसट असतात आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. कवड्याचे मानेपासूनच ठळक निघून शेपटीकडे विरतात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यावरून मोठ्या षट्कोनी खवल्यांची ओळ जाते, ती कवड्यास नसते. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, तर निरुपद्रवी डुरक्या घोणशीचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, आणि शेपटी आखूड असते. विषारी सापाचे डोके त्रिकोणी असते, हा प्रचलित नियम मात्र मुळीच शिकवू नकोस. नाग व मण्यार यांना तो लागू पडत नाही.

येथील जुन्या बंगल्यांच्या आवारांत पावसाळा लागला की कवड्या भिंतीवर चढतो आणि मण्यार समजून काठीखाली जातो. या खुणांचा खरा उपयोग अशा निरपराध जिवास वाचविण्यात आहे, आणि तोही दुरून पाहूनच.

माणसास दंश झाल्यावर मात्र या विद्येचा अंमल संपतो. मारवाडात ‘पीवणा’ नावाच्या सापाची दहशत आहे. तो निजलेल्याचा श्वास पिऊन जातो, अशी समजूत. तिच्या मुळाशी मण्यारच असावी, कारण मण्यारीचा दंश जमिनीवर निजलेल्यास कित्येकदा कळतही नाही, व्रण दिसत नाही. पुढे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, आणि श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. जेथे सापही दिसला नाही आणि व्रणही उरला नाही, तेथे पट्ट्यांची खातरजमा कसली करावयाची? शिवाय घोड्याच्या रक्तापासून सिद्ध होणारे आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषांवर एकच असते, आणि ते केव्हा द्यावयाचे याचा निर्णय डॉक्टर रोग्याची लक्षणे पाहून करतात. म्हणून सापाची ओळख पटवीत बसणे, त्याला मारून बरोबर नेणे, किंवा ‘हा कवड्याच होता’ म्हणून घरी थांबणे, ही केवळ प्राणघातक दिरंगाई होय. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे.

तेव्हा मुलांकडून दोन गोष्टी पाठ करून घे. साप दिसला तर दूर राहून ओळखावा आणि त्याला वाट द्यावी. दंश झाला किंवा नुसता संशय आला, तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही न करता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे. पहिली गोष्ट एखाद्यास जमली नाही तरी चालेल. दुसरी मात्र वर्गातील प्रत्येक मुलास आलीच पाहिजे.


तुझा मामा