झाकणाच्या आतली बाजू

जुन्या घड्याळांचा नाद मला आजोबांच्या ओमेगामुळे लागला. पण घड्याळ वाचायला शिकवलं ते ग्रँट रोडला एका जिन्याखाली बसणाऱ्या घड्याळवाल्या काकांनी. गेलो होतो गिऱ्हाईक म्हणून, पण काकांनी मला फार दिवस गिऱ्हाईक राहू दिलं नाही. भिंग हातात देऊन म्हणाले, "मी सांगत बसणार नाही. तूच बघ."

त्यांचा पहिला नियम असा, की डायल बघून हरखायचं नाही, आधी झाकण उघडायचं. ओमेगाचा क्रमांक आत मशीनवर कोरलेला असतो; तो एक कोटीच्या आसपास असेल तर घड्याळ साधारण १९४४चं. जुन्या रोलेक्सचा क्रमांक केसवर, सहाच्या बाजूला, पट्टा काढल्यावर दिसतो. मग मशीनचं वय डायलच्या वयाशी ताडून बघायचं. साठच्या दशकात आकडे अंधारात चमकवणाऱ्या रंगात रेडियम मागे पडून ट्रिटियम आलं आणि 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना बारीक 'टी' छापला जाऊ लागला. चव्वेचाळीसच्या मशीनवर असा 'टी' दिसला की काका हसत, "नातवाची टोपी आजोबांना!" शिवाय ट्रिटियमचं तेज बारा-एक वर्षांत निम्म्यावर येतं. त्या काळचं घड्याळ आज अंधारात लख्ख चमकत असेल, तर त्या आकड्यांवर नंतर कुणीतरी हात फिरवलेला असतो.

रंगवलेल्या डायलची, इकडचे तिकडचे भाग जोडलेली घड्याळं जगभरचे शौकीन 'बॉम्बे स्पेशल' म्हणून हिणवतात. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "त्यातल्या काही डायली मी रंगवल्यात." तेव्हा गिऱ्हाइकाला घड्याळ रोज मनगटावर हवं असे. डायल काळवंडली की ती नवी करून मागत, आणि सुटा भाग मिळाला नाही तर दुसऱ्या घड्याळातून काढावा लागे. "रंगवण्यात लबाडी नाही रे. रंगवलेलं अस्सल म्हणून विकलं, की लबाडी." अस्सल-नकलीचे दोनच कप्पे करणाऱ्या मला या वाक्याने तिसरा कप्पा दिला, दुरुस्तीचा.

आजोबांचं घड्याळ त्यांनी माझ्यासमोर खोललं. ओमेगाचं तीस मिलिमीटरचं, चावीचं, तांबूस सोनेरी झळाळीचं मशीन. सेकंदाला पाच ठोके. जुनं तेल घट्ट होऊन चाकं झिजतात, म्हणून चार-पाच वर्षांनी सगळं खोलून धुवायचं. तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त झालं तर ते नको तिथे पसरतं. चावी रोज ठरल्या वेळी, घड्याळ मनगटावरून काढून द्यायची आणि अडलं की थांबायचं. एकाएकी पुढे पळू लागलं तर ते स्पीकरजवळ ठेवलं होतं का, हे आठवायचं. चुंबकाने केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. केसला पॉलिश मारू नको, असं मात्र त्यांनी निक्षून सांगितलं. एकदा धार गेली की ती परत येत नाही.

झाकणाच्या आत सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा होत्या, तारखा आणि आद्याक्षरं. पूर्वी ज्यांनी ज्यांनी ते खोललं, त्यांनी केलेली नोंद. काकांनी खाली आपली तारीख ओरखडली. पैसे विचारले तर म्हणाले, "आधीच्यांचे दिलेस का?"

माझ्यावरचं ऋण त्यामुळे एकट्या काकांचं राहिलं नाही. ज्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत, अशा कारागिरांनी आजोबांची वेळ चालू ठेवली होती. ते फेडण्याचा एकच मार्ग मला ठाऊक आहे. हल्ली ओळखीचे लोक आपापल्या आजोबांची घड्याळं घेऊन माझ्याकडे येतात आणि किंमत विचारतात. मी झाकण उघडतो आणि काय मूळचं, काय बदललेलं, काय रंगवलेलं, हे आधी सांगतो. किंमत त्यानंतर. आणि डायल रंगवलेली निघाली म्हणून कुणी नाक मुरडलं, तर रंगवणाऱ्याची बाजूही घेतो.