मनीचे कान

पहाटेचा अंधार म्हटलं की मला एक कान आठवतो. त्रिकोणी, आतून फिकट गुलाबी, काठावर कापसासारखी लव, आणि बाहेरच्या कडेला कातडीची ती चिमुकली दुमड, शिवता शिवता खिसा अर्धाच सोडून दिल्यासारखी. लातूरच्या आमच्या घरात न्हाणीच्या उंबऱ्याशी मनी अंगाची जुडी करून निजायची. डोळे मिटलेले, शेपूट पायांवर ओढून घेतलेलं. सगळं अंग झोपेत, कान तेवढे जागे. एक रस्त्याकडे, एक नळाकडे.

आजी तिच्याकडे बघत बसायची.

आजी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, त्यानंतर त्या वेळेची झोप तिला पुन्हा कधी लाभली नाही. पुढे वयाबरोबर कान गेले. आधी बारीक आवाज गेले, चिमण्यांचे, बांगड्यांचे, दूध वर येतानाच्या सळसळीचे; मग माणसांचं बोलणंही दूर दूर जात राहिलं. आणि तिच्यासमोर ही निजलेली, जिला आमच्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येत होतं. माणसाचं ऐकणं तरुणपणीसुद्धा सेकंदाला २० हजार कंपनांशी थांबतं. मांजराचं ८५ हजारांपर्यंत जातं. उंदरांची कितीतरी कुजबुज त्या वरच्या पट्टीतच चालते. आम्हाला निःशब्द वाटणारं ते घर, ज्वारीच्या कणगीमागची ती काळोखी फट, मनीला भरल्या बाजारासारखी ऐकू येत असेल. एकेका कानाला तिसेक स्नायू. हवा तो कान हवा तिकडे वळवायचा, आवाज नेमका कुठल्या पोत्यामागे आहे ते ठरवायचं आणि मगच झेप घ्यायची.

कुकरची शिट्टी झाली की ती दिवाणाखाली पळायची. आम्ही मुलं हसायचो. केवढं लागत असेल तिला ते!

लातुरात नळाची वाट बघण्यात आयुष्यं गेली आहेत. नळ काही दिवसांआड यायचा, कधी भर दुपारी, कधी अपरात्री, आणि पाण्याच्या आधी यायची हवा: पाइपातून सरकत येणारा एक बारीक सुस्कारा. तो आमच्यापर्यंत पोचण्याआधीच मनीचा डावा कान हळूच वळायचा, मग मान, मग डोळे उघडायचे. आजीला सुस्कारा कुठून ऐकू येणार? तिला कान दिसायचा. माझ्या खांद्यावर तिचा खरखरीत हात पडायचा. “ऊठ गं माय, नळ यायलाय.” मी झोपेतच तोटीखाली हंडा सरकवायची आणि तेव्हा कुठे मला तो फुसफुसाट ऐकू यायचा.

मग २०१६ चा उन्हाळा आला. मांजरा धरण आटलं. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वे पाणी घेऊन आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. आमचा नळ मात्र मुकाच होता. मनी त्याच उंबऱ्याशी निजायची. तिचे कान टँकरकडे वळत, पावलांकडे वळत, कणगीकडे वळत, पण नळाकडचा कान हळूहळू सैल पडला. ज्या दिशेनं काहीच येत नाही, तिकडे कुठवर ऐकत राहायचं? आजी तरी रोज विचारायची, “काय ऐकायलीस गं मने?” स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती फार मोठ्यानं बोलायची. मनीचे कान मागे चपटे व्हायचे, लागल्यासारखे. पण ती उठून जायची नाही.

पावसाळा सरता सरता एका रात्री माझ्या खांद्यावर तो हात पडला.

आजी काही बोलली नाही. तिनं नुसतं बोट दाखवलं. खिडकीतून येणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात मनी बसली होती, दोन्ही कान नळाकडे ताठ, लव जराशी थरथरणारी. मी श्वास धरून ऐकलं. काहीच नव्हतं. आणखी थोडा वेळ काहीच नव्हतं. मी उठले, धूळ साचलेला हंडा पदरानं पुसला, तोटीखाली ठेवला आणि आम्ही दोघी मनीच्या शेजारी उंबऱ्यावर टेकलो.