टिकल्यांची रात्र

जानेवारीतली संध्याकाळ. साडेपाचलाच मिट्ट काळोख झालेला. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर शेजारीणबाई दिवाळीतल्या आकाशकंदिलासारख्या लखलखत उभ्या! अंगात चंदेरी टिकल्यांचं जाकीट, कानात टिकल्या, पर्सवर टिकल्या आणि पायात मात्र डॉक्टरांनी सांगितलेले जाड तळव्यांचे बूट. वय ७८. "चल बॅब, गाडी चुकेल," म्हणाल्या. हे 'बॅब' म्हणजे बर्मिंगहॅमकडचं 'अगं बाई'. पहिला आठवडाभर मला वाटत होतं, माझं नाव उच्चारता येत नाही म्हणून त्यांनी ते कापून टाकलंय.

मी लेकीकडे बोर्नव्हिलला आले होते. कॅडबरीचा कारखाना इथलाच. शेजारीणबाईंच्या मैत्रिणीचा गुडघा ऐनवेळी सुजला, एक तिकीट रिकामं झालं आणि लेकीने परस्पर माझं नाव पुढे केलं. "आई, जा गं. तू घरात बसून दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यासारखी माझ्या फ्रीजची तपासणी करतेस." सांगलीत शाळेत ३४ वर्षं काढली की तेवढं व्हायचंच.

कार्यक्रमाचं नाव 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग'. बीबीसीवर २००४ साली सुरू झाला. त्याआधी कित्येक दशकं 'कम डान्सिंग' नावाची नृत्यस्पर्धा तिथे चालायची. तिच्या नावाला १९९२ च्या 'स्ट्रिक्टली बॉलरूम' या ऑस्ट्रेलियन सिनेमाचं नाव जोडलं आणि हे बारसं झालं. आपल्याकडे २००६ साली 'झलक दिखला जा' आला तो याच साच्यातून. नट, खेळाडू, वृत्तनिवेदक, क्वचित एखादा माजी मंत्रीसुद्धा, अशी नाचाशी संबंध नसलेली माणसं घ्यायची, प्रत्येकाला एक पट्टीचा नर्तक किंवा नर्तकी जोडून द्यायची आणि दर शनिवारी साऱ्या देशासमोर नाचवायचं. शरद ऋतूत सुरू झालेली ही परीक्षा नाताळच्या तोंडावर संपते. मग जानेवारीत त्यातल्याच काही जोड्या मोठमोठ्या क्रीडागृहांतून दौऱ्यावर निघतात.

बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनात उतरलो, तर समोर दहा मीटर उंचीचा यांत्रिक बैल मान हलवतोय. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी केलेला. आता स्टेशनातच त्याचा मुक्काम. मी आपसूक नंदीबैलाला विचारावं तसं मनात विचारलं, "आज रात्र बरी जाईल का?" त्याने मान हलवली. (त्याच स्पर्धांत आमच्या सांगलीच्या संकेत सरगरने वजन उचलून रौप्यपदक नेलं होतं. हे मी शेजारीणबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तो नाचतो का?")

त्या बैलाभोवती पाहते तो जिकडेतिकडे टिकल्या. आज्या, लेकी, नाती, एखाददुसरा बळेच आणलेला नवरा. उणे एक तापमानात उघड्या दंडांच्या बाया कालव्याच्या काठाने लगबगीने चाललेल्या. बऱ्याच जणींची कातडी गाजराच्या हलव्याच्या रंगाची. लेकीने नंतर उलगडा केला: सावळं दिसण्यासाठी अंगावर फवारा मारून घेतात. नर्तकांचं बघून प्रेक्षकांनाही ते खूळ लागतं. आमच्याकडे उजळ होण्याची मलमं खपतात हे मी कुणाला सांगायला गेले नाही.

क्रीडागृहाच्या आत हजारो माणसं. मधोमध गुळगुळीत फरशी, एका बाजूला खराखुरा वाद्यवृंद आणि गायक, वर आरशांच्या तुकड्यांचा भलाथोरला गोळा. दिवे विझले आणि इंग्रज माणूस म्हणजे घडीची इस्त्री, ही माझी आयुष्यभराची समजूत साफ मोडली. काय त्या आरोळ्या! लावणीच्या फडात पहिल्या रांगेतून येतात तशा, फक्त इथे ओरडणाऱ्या सगळ्या बायका. परीक्षक आले. त्यातल्या खाष्ट परीक्षकाने तोंड उघडायच्या आधीच "बूऽऽ" सुरू. तोही खूश, लोकही खूश. नाताळाच्या सुमारास इथे 'पँटोमाइम' नावाची नाटकं होतात, त्यात खलनायकाला असंच हुसकायचं असतं म्हणे. मला आमच्या शाळेत तपासणीला येणारे साहेब आठवले. त्यांच्यासाठीही अशी सोय असती तर!

शेजारीणबाईंनी पर्समधून एक शाळकरी वही काढली. पानांवर पट्टीने आखलेले रकाने: जोडी, नाच, परीक्षकांचे गुण, माझे गुण. २००४ पासूनच्या अशा वह्या घरी खोक्यात आहेत. टीव्हीवर चार परीक्षक आणि ४० गुण. दौऱ्यात तीन परीक्षक, म्हणून ३०. त्यांनी गुणांच्या पाट्या उचलायच्या आत बाई आपले गुण लिहून टाकत. नक्कल केल्याचा आरोप नको!

पहिला नाच वॉल्ट्झ. तीन मात्रांचा ठेका. माझा हात नकळत गुडघ्यावर दादरा मोजायला लागला. सहा मात्रांत त्यांची दोन आवर्तनं बसतात. छातीला छाती भिडवून, माना बाहेर फेकून दोघं जमिनीवरून चालत नव्हते, वाहत होते. मला जरा अवघडल्यासारखं झालं. मग कळलं की एकेकाळी इंग्रजांनाही झालं होतं. १८१६ साली लंडनच्या राजदरबारी मेजवानीत वॉल्ट्झ झाला, तेव्हा 'द टाइम्स' वर्तमानपत्राने अब्रू गेल्यासारखा आरडाओरडा केला होता. आमच्या पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला होनाजी बाळाच्या लावण्या रंगत होत्या.

समोरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने बायकोचा हात धरला. शेजारीणबाईंनी वही मिटली. "आमचे हे डान्स हॉलमध्येच भेटले," त्या म्हणाल्या. "नाच अजिबात येत नव्हता. सहा महिने माझ्या पायांवर पाय देत होते. मग लग्न केलं." तेवढंच बोलून त्यांनी पुन्हा वही उघडली.

टँगो झाला, जाइव्ह झाला, बैलाशी झुंजण्याचा पासोडोबले झाला. डोळे दिपले; पण टिकल्यांचा झगमगाट अर्ध्या तासात सवयीचा होतो. खरा गोंधळ झाला तो चाचाचाच्या वेळी. जोडीतला गृहस्थ पन्नाशीचा, पोट सुटलेला. दुसऱ्याच ओळीला त्याचा पाय चुकला. तो थांबला, जोडीदारणीकडे बघून हसला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा चुकला. शेवटी ती जिकडे ओढेल तिकडे जात, हात मात्र भलतेच आत्मविश्वासाने फेकत त्याने नाच पुरा केला. आणि अख्खं सभागृह उभं! बाया डोळे पुसतायत. माझ्या शेजारची पोरगी तर घसा बसेपर्यंत ओरडली.

"हा नापास आहे ना?" मी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि जॉन सार्जंटची कथा सांगितली. राजकीय पत्रकार. २००८ साली पासोडोबलेत जोडीदारणीला फरशीवरून चक्क ओढत नेलं. परीक्षक कपाळाला हात लावायचे, लोक त्यालाच मतं द्यायचे. शेवटी आपण जिंकूनच बसू या भीतीने त्याने स्वतःच स्पर्धा सोडली. मग रोज आयलिंग-एलिसचं नाव निघालं. ऐकू न येणारी ही अभिनेत्री २०२१ साली जिंकली. तिच्या एका नाचात मध्येच संगीत थांबलं आणि दोघं त्या शांततेतच नाचत राहिले. बाई म्हणाल्या, "त्या वेळी माझा चहा हातातच गार झाला." २०२४ चा विजेता तर न दिसणारा विनोदवीर, ख्रिस मॅककॉसलंड. त्यांच्या वहीत त्याच्या रकान्यांत दहाच्या खाली आकडाच नव्हता.

परीक्षकांनी चाचाचाला खालच्या पाट्या दाखवल्या, सभागृहाने त्यांना मनसोक्त हिणवलं. दौऱ्यात शेवटचा निकाल प्रेक्षकांच्या मोबाइल संदेशांवर लागतो. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून, एकेक अक्षर दाबत आपलं मत पाठवलं. कुणाला, ते सांगायची गरज नव्हती.

परतीच्या गाडीत निम्म्या टिकल्या पेंगत होत्या. बाईंनी बूट सैल केले आणि वही माझ्यापुढे धरली. 'पाहुणी' असा नवा रकाना त्यांनी आखला होता. "चाचाचाला किती? दहापैकी. खरं खरं." स्वतःचे त्यांनी नऊ लिहिले होते.

खरं खरं म्हटल्यावर माझ्यातली मास्तरीण ताठ झाली. ठेका चुकला, पाय चुकले, ओळ विसरला. हसण्याबद्दल आणि पुन्हा उभं राहण्याबद्दल एकदोन गुण वाढवून. हात जुन्या सवयीने चालला आणि मी रकान्यात ठळक '४' लिहिला.

बाईंनी वही दिव्याकडे तिरकी करून पाहिली. आमचा चार त्यांच्या इंग्रजी आठासारखा दिसतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"एट!" त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "मला माहीत होतं, बॅब."

मी खिडकीबाहेर बघू लागले. बोर्नव्हिल यायला अजून दोन स्टेशनं होती.