पार्निथा : अथेन्सच्या उशाशी उभे असलेले अरण्य

अथेन्स नगरी तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेली आहे. पश्चिमेस एगालेओ, पूर्वेस इमित्तोस, ईशान्येस पेन्देली आणि उत्तरेस या सर्वांहून उंच असा पार्निथा. दक्षिणेची बाजू तेवढी समुद्राला मोकळी. 30 लाखांहून अधिक वस्तीच्या या महानगराच्या मध्यापासून सुमारे 30 किलोमीटरवर, 1413 मीटर उंचीच्या काराव्होला शिखराभोवती जे अरण्य पसरले आहे, त्याला ग्रीक शासनाने 1961 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला. उन्हाळ्यात शहरातील फरशा तापून भाजू लागल्या की अथेन्सवासी याच डोंगराची वाट धरतात. हिवाळ्यात बर्फ पाहावयासही त्यांना दूर जावे लागत नाही.

या डोंगराचे आणि शहराचे नाते प्राचीन आहे, आणि ते आरंभापासून व्यापाराचे आहे. पायथ्याच्या अखार्नाई गावचे लोक पार्निथाचे लाकूड जाळून कोळसा करीत आणि तो अथेन्सच्या बाजारात विकीत. इ. स. पू. 425 मध्ये अॅरिस्टोफेनीस या नाटककाराने याच कोळसेवाल्यांना आपल्या एका प्रहसनात आणले. शत्रूशी परस्पर तह करणाऱ्या नायकावर ते दगड घेऊन धावून जातात, तेव्हा तो कोळशाची एक टोपली उचलतो आणि तिच्यावर शस्त्र रोखून तिला ओलीस धरतो. पोटच्या पोरावर संकट यावे तसे ते कोळसेवाले गयावया करू लागतात. प्रेक्षक हसले असतील; परंतु ज्याची रोजी टोपलीत आहे, त्याला त्या विनोदातील खरेपणा अधिक जाणवेल. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस या प्रवाशाने येथील झ्यूस देवाची कांस्यमूर्ती नोंदवली, आणि या डोंगरात रानडुकरांची व अस्वलांची शिकार होते, असेही लिहून ठेवले.

अस्वले केव्हाच नाहीशी झाली. तांबडे हरीण मात्र टिकले आणि शिकारबंदीच्या आश्रयाने वाढले. आज ग्रीसमधील तांबड्या हरणांचा सर्वांत मोठा कळप-समुदाय येथेच आहे. माणसाला ती फारशी बुजत नाहीत, रस्त्याच्या कडेलाही दिसतात. काही पर्यटक दयाबुद्धीने त्यांच्यापुढे पाव धरतात. वन्यजीवांचे जाणकार या दयेला उत्तेजन देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. माणसाच्या हातून खाण्याची सवय लागलेला प्राणी गाडीला भिईनासा होतो. अनेक दशकांच्या खंडानंतर आता लांडगेही या डोंगरात परतले आहेत.

चढ चढताना अरण्याचे दोन थर स्पष्ट दिसतात. खालच्या, उष्ण उतारांवर आलेप्पो पाइन. वर गारव्यात ग्रीक फर. दोन्ही सूचिपर्णी, दोन्ही सदाहरित. मात्र अग्नीशी त्यांचे व्यवहार अगदी निराळे. पाइनची पुष्कळशी शंकुफळे राळेने घट्ट मिटलेली असतात आणि वर्षानुवर्षे झाडावरच राहतात. वणव्याच्या धगीने राळ वितळते, फळ उघडते आणि राखेवर बी सांडते. जणू वाईट दिवसांसाठी बाजूला काढून ठेवलेली पुंजीच. फरजवळ अशी पुंजी नसते. त्याचे बी शरद ऋतूत पिकते, शंकू झाडावरच विखरून जातो, आणि जमिनीतही ते बी फार काळ जिवंत राहत नाही. शिवाय कोवळ्या रोपाला वडील झाडांची सावली हवी असते. उन्हाळ्यात फर जळाला तर मागे काहीच शिल्लक राहत नाही.

2007 च्या जून महिन्यात नेमके तेच घडले. अथेन्सच्या परिसरात पारा 46 अंशांच्या घरात गेला होता. पश्चिमेकडील देर्वेनोहोरिया भागात पेटलेली आग 28 जूनला उद्यानात शिरली आणि फरच्या अरण्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग गिळून गेली. आपल्या डोंगरावर उजाडलेला तो काळा उतार शहराने घराघरांच्या गच्च्यांवरून पाहिला. कुऱ्हाड आणि बंदूक कायद्याने रोखता आली होती. वाऱ्यावर स्वार झालेल्या ज्वाळेला उद्यानाची हद्द कळत नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये फिलीच्या बाजूने आणखी एक वणवा चढून आला.

तेव्हापासून फरची रोपे लावण्याचे काम चालू आहे. ते अत्यंत संथ आहे. उघड्या खडकाळ उतारावर पहिल्याच उन्हाळ्याच्या कोरडेपणात पुष्कळ रोपे जळून जातात. वाचलेल्यांचे कोवळे शेंडे हरणांना आवडतात, त्यामुळे एकाचे रक्षण दुसऱ्याच्या मुळावर येते. रोप जगले तरी त्याला स्वतःचे बी धरावयास कित्येक वर्षे लागतात. आज लावणाऱ्यांच्या नातवंडांनाही जुन्यासारखी दाट सावली मिळेलच, असे नाही.

आग्या त्रियादा या छोट्या चर्चच्या परिसरात एकेकाळचे क्षयरोग्यांचे रुग्णालय ओसाड उभे आहे. फरची निर्मळ हवा हेच त्या काळी मोठे औषध मानले जाई. कवी यानिस रित्सोस यांनीही 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे उपचार घेतले होते. आता त्याच्यासमोर वाळलेल्या झाडांच्या खोडांत कोरलेल्या मानवी आकृती उभ्या आहेत. जवळच डोंगराच्या कड्यावर, उद्यान घोषित झाले त्याच सुमारास, एक आलिशान हॉटेल बांधले गेले आणि पुढे त्यात जुगारघर सुरू झाले. रोपवेने तेथपर्यंत थेट जाता येते. राष्ट्रीय उद्यानात अशी सोय असावी हे विचित्रच. पण खेळावयास येणाऱ्याने खिडकीबाहेर पाहिले, तर पायथ्यापासून समुद्रापर्यंत पसरलेले शहर त्याला फुकट दिसते.

खरे पाहण्यासारखे आहे ते बाफी येथील गिर्यारोहकांच्या निवाऱ्याकडून स्किपिझाच्या झऱ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर. तेथे जुने फर अजून दाटीने उभे आहेत. भर दुपारीही खाली काळोखी गारवा असतो, पावलांखाली सुयांसारख्या पानांचा थर दबतो. शरद ऋतूत याच झाडांच्या शेंड्यांवर शंकू उभे राहतात, पिकतात, आणि वाऱ्याबरोबर पंख असलेले बी उडू लागते. त्याच दिवसांत नर हरणांच्या हाका संध्याकाळी दऱ्यांतून घुमतात. बी फार दूर जात नाही. उरलेल्या झाडांच्या कडेकडेने, जेथे त्यांची सावली पोहोचते तेथवर, ते पडते.