फॉर्ममधले दोन रकाने



बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की स्थानकात व्याख्यान संपल्यावर चपला घालता घालता एकच विषय असतो. कोणाला किती पर्सेंटाइल, कोणाला कुठलं कॉलेज? आयआयटी म्हटलं की सगळ्या थांबून ऐकतात. सीओईपी, व्हीजेटीआय म्हटलं की "अरे वा!" होतं. त्याखालचं नाव आलं की "चांगलंय हो" म्हणून विषय बदलतो. मागच्या वर्षी आमच्या घरी हे सगळं होऊन गेलं. पण मला आज निकालाबद्दल नाही, प्रवेशाच्या फॉर्मबद्दल बोलायचं आहे.

माझी लेक दोन वर्षं कॉलेज रोडच्या क्लासला जात होती. चौविहार पाळते, म्हणून संध्याकाळचा डबा मी पाच वाजता क्लासच्या दारात नेऊन द्यायची. जेईई मेनमध्ये तिला अॅडव्हान्सपुरते गुण पडले नाहीत. वाईट वाटलं, पण आकडे पाहिले की समजतं. २०२४ साली अॅडव्हान्सला १ लाख ८० हजारांवर मुलं बसली आणि २३ आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०. अॅडव्हान्सला बसायचं तरी आधी मेनमधून पहिल्या अडीच लाखांत यावं लागतं. मग राहिली एमएचटी-सीईटी. त्यात तिला बरे गुण मिळाले.

सीईटीचा निकाल पाहून ती म्हणाली, "मम्मी, ह्या पर्सेंटाइलमधलं माझं एकटीचं किती गं?" मला कळेना. तिच्या क्लासमधल्या मैत्रिणीचे वडील पंचवटीत रिक्षा चालवतात. क्लासची निम्मी फी त्यांनी हप्त्यांनी भरली. एका खोलीत पाच माणसं, रात्री सगळे झोपले की ही ओट्यापाशी बसून गणितं सोडवायची. लेक म्हणाली, "आम्ही दोघी सारखाच अभ्यास केला. पण मला वेगळी खोली होती, गरम डबा होता, इन्व्हर्टर होता. आमच्यात चार पर्सेंटाइलचा फरक आहे, त्यातला इन्व्हर्टरचा किती?" मोठ्या कॉलेजच्या दारापर्यंत काही मुलं चालत येतात, काहींना गाडी सोडायला येते, हे तिनं मला दाखवलं.

म्हणूनच फॉर्म भरताना ती पहिल्या रकान्यापाशी थांबली. 'धार्मिक अल्पसंख्याक : जैन' हो की नाही? "आपल्याला कशाची कमी आहे? मग ही सवलत का घ्यायची?"

मी तिला मला माहीत होतं ते सांगितलं. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारनं जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून जाहीर केलं. राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. अशा संस्थांत काही जागा त्या समाजाच्या मुलांसाठी असतात. ती गरिबीची मदत नाही. आपल्याच जिल्ह्यात चांदवडला १९२८ साली श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला, आज तिथे इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनं मुलांसाठी हे उभं केलं. आपण जैन आहोत हे खरं आहे. खरं ते लिहायला संकोच कसला? राज्यात मुलींसाठी ३० टक्के जागा असतात, त्या आपण घेतोच ना? तिनं 'हो' केलं आणि चांदवडचं नावही यादीत घातलं.

दुसरा रकाना उत्पन्नाचा. इथे खरी परीक्षा होती.

तुम्हाला ठाऊक असेल, २०२४-२५ पासून कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्यात पूर्ण माफ आहे. आमच्या दुकानाचं उत्पन्न आठ लाखांच्या थोडंसंच वर जातं. नात्यातले एक भाऊ घरी आले आणि म्हणाले, "दाखला साडेसात लाखांचा काढून देतो. सगळेच करतात. चार वर्षांची फी वाचेल, ती लग्नाला ठेवा."

ह्यांनी कागदावर फीचा आकडा मांडला. चहा गार झाला तरी कोणी बोललं नाही. खोटं कशाला सांगू, तो आकडा लहान नव्हता.

मग लेकच बोलली. "पप्पा, ईडब्ल्यूएसच्या जागा मोजक्या असतात. त्यातून मी गेले तर खरोखर गरज असलेली कोणीतरी एक मागे राहील. ती माझी मैत्रीणसुद्धा असू शकते."

आपण प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताची आलोचना करतो. अदत्तादान, म्हणजे जे दिलेलं नाही ते घेणं. त्याच्या अतिचारांत खोटं वजन-माप येतं. दुकानाचा तराजू आपण सांभाळतो, मग तहसीलच्या दाखल्यावरचं वजन खोटं कसं चालेल? अल्पसंख्याक जागा आणि मुलींची जागा कायद्यानं दिलेली आहे. आठ लाखांच्या आतली जागा आम्हाला कोणी दिलेलीच नव्हती. ह्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि भाऊंना हात जोडून "नको" म्हणाले.

दुसऱ्या फेरीत तिला पुण्यात प्रवेश मिळाला, हव्या त्या शाखेत. सीओईपी नाही. स्थानकात नाव सांगितलं की "चांगलंय हो" म्हणतात. फी पूर्ण भरतो, शिक्षणकर्ज काढलं आहे आणि ह्या दिवाळीत घराचा रंग पुढे ढकलला. तिच्या मैत्रिणीला नाशिकमध्येच जागा मिळाली, फी माफ होऊन.

यंदा ज्यांच्या घरी फॉर्म भरायचा आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माच्या जागी 'जैन' लिहिलंय का ते आत्ताच पाहा. अनेकींच्या मुलांच्या दाखल्यावर ते नसतं आणि ऐनवेळी धावपळ होते. उत्पन्नाच्या दाखल्यावर मात्र तोच आकडा असू द्या जो तुमच्या वहीत आहे. फॉर्मच्या शेवटी 'वरील माहिती खरी आहे' ह्या ओळीखाली सही आपल्या मुलांना करावी लागते. अठराव्या वर्षी त्यांची पहिली मोठी सही खोट्या कागदावर नको.